तहानेचं पान

ऑफिसात तिला सगळे वेलांटी म्हणत. वीस वर्षं तिने एका दैनिकात मुद्रितं तपासली होती. दैनिक बंद पडलं, ती इथे आली, पण सवय काही सुटली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवलेल्या सूचनेतल्या दोन वेलांट्या आणि एक उकार लाल पेनने दुरुस्त केला, आणि दुपारपर्यंत तिचं बारसं झालं. तिने राग मानला नाही. पंचेचाळिशीत नवीन ठिकाणी कुणी आपल्याला नाव ठेवतंय, म्हणजे निदान दखल घेतंय, असं तिला वाटलं.

ऑफिस टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. आठ टेबलं, न उघडणाऱ्या खिडक्या आणि खालून सतत येणारा रबराचा वास. काम होतं लिंका मिळवण्याचं. नवऱ्याला तिने ते एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं.

"समजा, शहरात नवीन आलेला माणूस दाताचा डॉक्टर शोधतोय. तो चार जणांना विचारतो. चौघांनी एकाच डॉक्टरचं नाव घेतलं, तर तो डोळे मिटून तिथे जातो. इंटरनेटवर आपण काही शोधतो ना, तेव्हा तेही असंच बघतं. कुणाच्या वेबसाइटवर कुणाची लिंक आहे ते मोजतं. चांगल्या, भरवशाच्या लोकांनी तुमची लिंक दिली असेल, तर तुमचं नाव सगळ्यात वर."

"आणि तू काय करतेस?" नवऱ्याने विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलीही गोष्ट कशाने वर जाते हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"मी त्या चौघांना तुमचं नाव घ्यायला लावते."

"म्हणजे वशिला."

"वशिलाच. फक्त टाइप करून."

दोघंही हसली होती.

ती कामात फार लवकर तयार झाली. बाकीचे दिवसाला शंभर-शंभर ईमेल पाठवत, सगळी एका छापाची, आणि पन्नासात एखादं उत्तर येई. वेलांटी दिवसाला पंधराच लिही. आधी त्या माणसाची वेबसाइट नीट वाचे. त्यातली एखादी लिंक मेलेली असेल, उघडत नसेल, तर ती शोधून काढे आणि अगदी अदबीने लिही, की तुमचं पान फार उपयोगाचं आहे, फक्त ही एक लिंक आता चालत नाही, तिच्या जागी ही दुसरी टाकता येईल का बघा. लोकांना बरं वाटे. कुणीतरी आपलं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. नवांपैकी एकाचं उत्तर येई. मालक तिचे ईमेल छापून भिंतीवर लावत असे.

मालक पूर्वी दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकत असे. त्याचं म्हणणं एकच होतं. "लोक खाली बघत नाहीत. पहिली तीन नावं वाचतात आणि फोन उचलतात. आपल्याला त्या तिनात घुसायचंय, बाकी जगाचं जग बघेल."

मूत्रपिंडाच्या विकारावर इलाज करणाऱ्या एका केंद्राचं काम आलं, तेव्हा ते त्याने सरळ वेलांटीच्या टेबलावर ठेवलं. डायलिसिसविना मूत्रपिंड पूर्ववत, अशी त्यांची जाहिरात होती. इलाज म्हणजे थेंब. शोधल्यावर त्यांचं नाव सहाव्या पानावर येत होतं.

"ह्यांना कुणी भला माणूस लिंक देणार नाही," वेलांटी म्हणाली.

"म्हणून तर तुझ्याकडे दिलंय. थेंबांना नको मागूस लिंक. त्यांच्या वेबसाइटवर एखादं असं पान तयार कर, की ज्याला लिंक देताना कुणाचा हात अडणार नाही. रुग्णांच्या उपयोगाचं. रडायला येईल असं."

असं पान लिहायला वेलांटीला फार लांब जावं लागलं नाही. तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, दोन वर्षांपासून डायलिसिसवर होती. ताई तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहायची. बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर आयुष्य काढलेली बाई. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती इस्पितळात मशीनला जोडलेली असे. चार तास एका जागी पडून राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. मग दर गुरुवारी वेलांटीच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन ठरलेला.

"काय गं, जेवलीस का? मी इथे नळाला लावलेल्या म्हशीसारखी पडलेय," अशी तिची सुरुवात असे. आणि मग बोलणं फिरून फिरून तहानेवर येई. दिवसभरात मोजून तीन पेले पाणी मिळायचं तिला, औषधाच्या घोटासकट. ओल्या फडक्याने ओठ पुसायचे आणि पुसता पुसता फडकं चोखायचं. भांडी घासताना नळाचा आवाज ऐकू नये म्हणून रेडिओ मोठा करायचा. स्वप्नातसुद्धा पाणी यायचं, तेही पेल्यात नाही, बादलीत. "ह्यांना सांगत नाही गं मी हे," ताई म्हणायची. "उगाच तोंड पाडून बसतात. तुला सांगते, कारण तुझ्या पोटात राहतं."

वेलांटीने ते सगळं लिहिलं. फडकं, रेडिओ, बादली. त्याखाली ताईच्या इस्पितळाने दिलेला आहाराचा तक्ता घातला, काय खायचं, काय टाळायचं, बटाटा दोनदा पाणी बदलून कसा उकडायचा. प्रत्येक ओळ खरी होती. तिने ती तीनदा तपासली. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात केंद्राचा फोन नंबर होता, तेवढंच.

मग पत्र. पत्रासाठी तिने एक मुलगी रचली. ह्या मुलीच्या आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती, मुलगी एकटीच तिचं करत होती, आणि ह्या पानाने तिला फार आधार दिला होता. वेलांटीची स्वतःची आई ठणठणीत होती, रोज दोन मैल चालत होती.

पहिलं उत्तर आलं ते सिस्टरचं. ही निवृत्त नर्स डायलिसिसच्या रुग्णांसाठी एक साधीशी वेबसाइट चालवायची. कुठे कोणतं इस्पितळ, कुठे मदत मिळते, कुणाला फोन करायचा, अशी पत्त्यांची लांबलचक यादी. दिसायला जुनाट, पण मोठमोठ्या इस्पितळांनी त्या यादीला आपल्या पानावर लिंक दिलेली होती. सिस्टरने लिहिलं होतं, "तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. आईला पाण्याऐवजी बर्फाचा बारीक खडा चघळायला देत जा. आणि तू स्वतः वेळेवर जेव." तिने तहानेच्या पानाची लिंक यादीच्या अगदी वर टाकली. शेजारी एक ओळ लिहिली, की हे ज्याने लिहिलंय त्याने तहान जवळून पाहिलेली आहे.

सिस्टरने घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांनी घेतलं. रुग्णांचे गट, दोन-तीन डॉक्टर, एक वाचनालय. चार महिन्यांत लिंका दोनशे चौदा झाल्या, आणि केंद्राचं नाव पहिलं आलं. मालकाने केक आणला. वेलांटीला मोठा तुकडा मिळाला.

पुढे महिन्याभराने, एका गुरुवारी, ताईचा फोन नेहमीच्या वेळी आला. वेलांटीने डबा उघडला होता. फोनमागे मशीनची टूंटूं नव्हती.

"ताई, कुठे आहात? इस्पितळात नाही का?"

"नाही! घरी आहे. मशीन बंद केलं मी."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. आज गेलेच नाही. काल एका केंद्रात जाऊन आलो आम्ही. ते म्हणतात, मशीनमुळेच किडनी आळशी होते. थेंब दिलेत. दिवसातून सहा वेळा घ्यायचे, आणि पाणी, ऐकतेस ना, पाणी हवं तेवढं! उलट जास्तच प्या म्हणतात. सकाळपासून सहा पेले प्यायले मी. सहा!"

 वेलांटीने केंद्राचं नाव विचारलं. ताईने सांगितलं. विचारायची गरज नव्हती.

"कुणी सांगितलं तुम्हाला ह्यांचं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? फोनवर शोधलं. पहिलंच नाव. आमचं इस्पितळ त्याच्या कितीतरी खाली. आणि एक पान आहे गं त्यांचं, तहानेवर. मी वाचून ढसाढसा रडले. ते फडकं चोखायचं, रेडिओ मोठा करायचा, सगळं. म्हटलं, ज्यांना आपलं एवढं कळतं, त्यांना इलाज कळणार नाही होय?"

आता बोलायला हवं होतं. वेलांटीला ते त्या क्षणीच कळलं होतं, पुढे कितीही वेळा तिने स्वतःला वेगळं सांगून पाहिलं तरी. पण बोलायचं म्हणजे काय, तर तुमची तहान मी विकली, असं म्हणायचं. फोनवर, आठ टेबलांच्या मधे, समोर डबा उघडा असताना. 

"तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारलंत का?" एवढंच ती म्हणाली.

"ते कशाला हो म्हणतील? त्यांची मशीनं ओस पडतील."

"तरी विचारा एकदा."

"बघू गं. तू जेव आता. अगं, मी आता चहा पिणार आहे, अख्खा कप!"

फोन ठेवल्यावर तिने केंद्राची वेबसाइट उघडली. बऱ्या झालेल्या रुग्णांचे अनुभव होते तिथे, एकोणीस. ते पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने एका बैठकीत लिहिले होते आणि शुद्धलेखन वेलांटीने तपासलं होतं. म्हणजे कदाचित गुण येईलही, एवढं म्हणण्याचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

ती मालकाकडे गेली. "त्या थेंबांमध्ये काय असतं?"

"आपण थेंब विकतो का?"

"माझी नणंद घेतेय. मशीन सोडून."

मालकाने मान वर केली. तो काही राक्षस नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मग तिला सांग ना, नको घेऊस म्हणून. एक फोन तर करायचाय."

एक फोन करायचा होता. शुक्रवारी तिने केला, तर भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने उचलला. ताई झोपलीय म्हणाले. बऱ्याच दिवसांनी शांत झोपलीय. वेलांटीने ठेवून दिला. शनिवारी नवरा बहिणीशी बोलला आणि खुशीत आला. "ताईचा आवाज ऐकलास का? जुनी ताई परत आलीय. म्हणते, पाणी म्हणजे काय ते आता कळलं."

"त्यांना म्हणावं, मशीन सोडू नका. कुठल्या तरी थेंबांवर कसा विश्वास ठेवायचा?"

"तू कधी बसलीस त्या मशीनवर? दोन वर्षांनी ती हसतेय. राहू दे की चार दिवस."

ती राहू देत गेली. भाजी चिरताना, भांडी घासताना वाक्यं जुळवत होती, आणि तोंडाशी आली की गिळत होती. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी संध्याकाळी ताईने स्वतःच फोन केला. एका वाक्याला तिला तीनदा थांबावं लागत होतं. "पाय जरा... सुजलेत... ते म्हणतात, घाण बाहेर... पडतेय."

बुधवारी पहिल्या बसने वेलांटी निघाली.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. आडवं पडता येत नव्हतं तिला. चेहरा इतका सुजला होता, की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. बोटातली अंगठी भाऊजींनी आदल्या दिवशी कापून काढली होती. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा भरलेला जग, पेला आणि थेंबांची निळी बाटली.

"तू कशी काय?" ताई म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "सुट्टी?"

वेलांटी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "ताई, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला. मशीनवर."

"आज सातवा दिवस... ते म्हणालेत, नववा दिवस जड... मग उतार."

"ते काहीही म्हणोत. त्यांना काही कळत नाही."

"असं कसं? ते पान..."

"ते पान मी लिहिलंय."

ताईला ते कळलंच नाही. ती हसल्यासारखं करून म्हणाली, "तू? मग तर... खरंच असणार."

"ताई, ऐका माझं. ते फडकं तुमचं आहे. रेडिओ तुमचा. तुम्ही मला फोनवर सांगायचात, ते मी लिहिलं. माझं काम आहे ते. त्यांचं नाव वर यावं म्हणून लोकांना लिंका मागायच्या. त्या लोकांना तहानेचं काही माहीत नाही. ते बरे झालेले रुग्णसुद्धा खोटे आहेत. आमच्या ऑफिसात लिहिलेत."

स्वयंपाकघराच्या दारात भाऊजी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात पातेलं होतं.  ताईने हळूहळू मान वळवून स्टुलावरच्या पाण्याकडे पाहिलं, मग वेलांटीकडे.

"आणि थेंब?"

"थेंबांत काही नाही."

ताईचा श्वास आत जाताना कुठेतरी बुडबुड्यासारखा वाजत होता.  मग ती म्हणाली, "मग गुरुवारी... का नाही बोललीस?"

वेलांटीने तोंड उघडलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यातल्या चुका काढल्या होत्या तिने. स्वतःचं एक वाक्य तिला सापडेना.

भाऊजींनी पातेलं खाली ठेवलं आणि गाडीसाठी फोन लावला. इस्पितळ वीस मिनिटांवर होतं. ताईला पुढच्या सीटवर बसवलं होतं, आणि मागे बसलेल्या वेलांटीला आरशात फक्त तिचं कपाळ दिसत होतं. मशीनवरच्या नर्सने ताईला ओळखलं. "कुठे गायब होतात हो?" ती म्हणाली, आणि चेहरा नीट दिसल्यावर धावतच डॉक्टरांना बोलवायला गेली. नळ्या जोडायच्या आधीच ताईचं हृदय थांबलं. अर्धा तास त्यांनी खटपट केली. दुपारी बारा चाळीसला डॉक्टर बाहेर आले आणि भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं ते चार दिवसांनी, घरी परत आल्यावर. भाऊजींनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांनी सांगितलं असतं तर बरं, असं तिला वाटत राहिलं, पण त्यांनी ते तिच्यावरच सोडलं होतं.

नवरा बूट काढत होता. एक पायात तसाच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

 "नाही," तो म्हणाला. "त्याच्या आधीपासून."

त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. बोलणं कामापुरतं. गॅस संपलाय. पाणी भरून ठेव. तो ओरडला असता, भांडी फेकली असती, तर तिला काहीतरी करता आलं असतं.

वेलांटीने नोकरी सोडली नाही, कारण दोनशे चौदा नावांची यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती. तिने ती कागदावर उतरवून घेतली आणि पहिल्या नावाला फोन लावला. पत्र लिहायची हिंमत झाली नाही. आपल्या पत्रांचा तिला आता भरवसा वाटत नव्हता.

"सिस्टर, मी तुम्हाला मागे तहानेच्या पानाबद्दल लिहिलं होतं."

"अगं हो! आईवाली ना तू?" पलीकडचा आवाज म्हातारा आणि उबदार होता. "मी विचारच करत होते. आई कशी आहे गं?"

वेलांटी जिन्यात उभी होती. तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि सगळं सांगितलं. आई खोटी, मुलगी खोटी, तहान खरी. आणि नणंदेचं काय झालं ते.



"बावीस वर्षं ही यादी करतेय मी," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजातली ऊब गेली होती. "त्यातल्या प्रत्येक नंबरला मी स्वतः फोन लावून खात्री करते. मगच घालते. ह्याला नाही लावला. तुझं पत्र असं होतं, की मला विचारायचीसुद्धा लाज वाटली. किती जण गेले असतील तिथे, माझ्या यादीवरून?"

"माहीत नाही."

"मलाही कधी कळणार नाही. हे तू मला दिलंस."

"सिस्टर, मी..."

"माफी मागू नकोस. माझ्याकडे नाही ती. जे झालं ते सगळं लिहून पाठव. खरं नाव घालून, खाली सही करून. यादीच्या वर लावते मी."

वेलांटीने लिहिलं. एकच पान झालं. पुन्हा तपासून न बघता तिने ते पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिस्टरच्या वेबसाइटवर सगळ्यात वर होतं, आणि त्याच दुपारी मालकाने तिला आत बोलावलं. त्याच्यासमोर ते पान उघडं होतं.

"आमचं नाव नाही घातलंस, एवढे उपकार," तो म्हणाला. "वस्तू घे आणि जा."

तिने डबा, चष्म्याची पेटी आणि शब्दकोश उचलला. बाहेर पडताना पलीकडच्या टेबलावरच्या मुलीच्या पडद्यावर तिची नजर गेली. वेलांटीचंच पत्र होतं ते. आईच्या जागी वडील घातले होते, आणि वाक्यातली क्रियापदं तशीच ठेवल्यामुळे ते वडील स्त्रीलिंगी झाले होते. वेलांटी क्षणभर थांबली. मग काही न बोलता जिना उतरली.

त्यानंतरचे दोन महिने ती घरी बसून फोन करत होती, पत्रं लिहीत होती. दुपारी घर रिकामं असताना. काहींनी लगेच लिंक काढली. काहींनी उत्तरच दिलं नाही. काही वेबसाइटींचे मालक कधीचे मेले होते, आणि त्यांची पानं मागे तशीच उभी होती, केंद्राची शिफारस करत. त्यांच्याकडे कुणी जायचं? आरोग्य खात्याच्या कार्यालयात ती दोनदा जाऊन आली. तिथल्या कारकुनाने तक्रार लिहून घेतली, शिक्का मारला, आणि "मृताच्या नात्यातल्या माणसाची सही लागेल, रक्ताच्या," असं सांगून कागद परत दिला. केंद्राचं नाव पहिल्यावरून चौथ्यावर आलं. मग एक दिवस ते दिसेनासंच झालं, आणि आठवडाभरात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रंगात, तेच थेंब परत आले. तहानेचं पान जसंच्या तसं होतं. तिच्या स्वल्पविरामांसकट.

त्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी पसरून बसली होती. नवरा चहा करायला आत आला. कप भरून तो नेहमीसारखा बाहेर गेला नाही, तिथेच उभा राहिला.

"किती झाले?" त्याने विचारलं.

दोन महिन्यांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिला वाटलं, ऐकायला चुकलं.

"एकशेतीस जणांना कळवलंय. एकसष्टांनी काढली लिंक."

"आणि हे लाल केलेले?"

"हे नुसत्या पत्राला दाद देत नाहीत. फोन लावायला हवा. पण मी लावला की विचारतात, तुम्ही कोण. मी सांगते, की मीच तुम्हाला फसवलं होतं. मग ठेवून देतात."

तो खुर्ची ओढून समोर बसला. कारकुनाने परत दिलेला कागद तिथेच पडला होता. त्याने तो वाचला, रकाना शोधला आणि सही केली. मग लाल खुणांचं एक पान आपल्याकडे ओढलं, खिशातून चष्मा काढला, आणि पहिला नंबर दाबला. तिच्याकडे त्याने बघितलं नव्हतं. स्पीकर चालू करून त्याने फोन टेबलावर ठेवला. घंटी दोघांनाही ऐकू येत होती.

कुणीतरी उचलला. घाईतला, तरुण आवाज. "बोला, कोण?"

 ताई गेली, हे नवऱ्याने आजवर कुणापाशी, एकदाही, तोंडाने म्हटलं नव्हतं. इस्पितळात कागदांवरही भाऊजींनीच सह्या केल्या होत्या.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"तुमच्या वेबसाइटवर एक लिंक आहे," तो म्हणाला. मग त्याला थांबावं लागलं. वेलांटीने काही सुचवलं नाही. "माझी बहीण गेली हो. माझी थोरली बहीण. दोन मिनिटं असतील तर सांगतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सांगा," तो माणूस म्हणाला.